मुखवट्यावरचा ऑइलपेंट काढायचा की ठेवायचा? पुण्यातलं एक प्रकरण

मागणी अगदी सरळ होती. लाकडी मुखवट्यावरचा चकचकीत हिरवा ऑइलपेंट काढून टाकायचा, खालचं लाकूड मोकळं करायचं, भुंगेऱ्याचा बंदोबस्त करायचा आणि भिंतीवर टांगता येईल असा परत द्यायचा.

कोथरूडमधल्या एका कुटुंबाची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. घर रिकामं करताना काय ठेवायचं आणि काय काढायचं याची घरोघर होते तशी वर्गवारी चालली होती. मुखवटा 'काढायचं'च्या ढिगात होता. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तो पाहिला आणि सल्ला दिला की आहे तसा कुणी घेणार नाही, पण रंग खरवडून, मेणाचा हात देऊन लाकडाचा पोत दाखवलात तर चांगले पैसे येतील. त्यामुळे काम माझ्याकडे आलं. मी जुन्या वस्तूंचं जतन-दुरुस्तीचं काम करते. लाकूड आणि रंग हा त्यातला मोठा भाग.

मुखवट्याच्या मागे एक कागद चिकटवलेला होता. त्यावर घरातल्या आजोबांच्या अक्षरात 'मोखाडा, जि. ठाणे, १९७४' असं लिहिलेलं. मोखाडा आता पालघर जिल्ह्यात येतो. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. आजोबा सरकारी नोकरीत होते, त्या भागात त्यांची बदली झाली होती आणि गावकऱ्यांनी निरोपाच्या वेळी मुखवटा प्रेमाने भेट दिला, अशी घरातली गोष्ट. मुलं त्याला 'रावण' म्हणत मोठी झाली. एका तोंडाचा रावण कसा, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

वयाचा प्रश्न आधी मिटवला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूसाठी किमान शंभर वर्षांची अट आहे. हा मुखवटा तेवढा जुना असल्याचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. विकायचा असता तर विकता आला असता.

आतली बाजू

मुखवटा पाहणारा माणूस समोरून पाहतो. डोळे बटबटीत, मिशा वर वळलेल्या, ओठांच्या कोपऱ्यांतून सुळे, कपाळावर मुकुटाची कोरीव पट्टी. काम रांगडं पण हात सराईत. मला मात्र जास्त माहिती मिळाली ती उलटा केल्यावर.

आत रंग अजिबात नाही. वाकसाचे (सुताराच्या लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव स्पष्ट दिसतात, आणि गालांजवळ ते कुणीतरी मुद्दाम गुळगुळीत केलेत. चेहऱ्याला टोचू नयेत म्हणून. संपूर्ण आतल्या पृष्ठभागावर काळपट धुराचा थर. कपाळाच्या जागी धोतराच्या फडक्याची घडी खिळ्यांनी ठोकलेली, घाम आणि तेल पिऊन चामड्यासारखी ताठ झालेली. कडेला दोरीसाठी भोकांच्या तीन जोड्या, वेगवेगळ्या उंचीवर. एका जोडीची कड दोरीने घासून खोलगट झालेली, बाकीच्या दोन तुलनेने कोऱ्या. म्हणजे निदान तीन वेगवेगळ्या मापांच्या डोक्यांवर हा चढला आणि त्यातल्या एकावर खूप वर्षं. हनुवटीच्या आत पानाच्या पिचकारीसारखा लालसर डाग. बघायची भोकं कोरलेल्या डोळ्यांत नाहीतच, ती डोळ्यांखाली बारीक फटींच्या रूपात आहेत. ती नाकाच्या सावलीत अशी बसवलीत की समोरून कळत नाहीत.

घरच्यांना मी हे दाखवलं तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं भिंतीवर होता, पण आम्ही कधी मागून बघितलाच नाही." बघणार कसं? मागची बाजू भिंतीकडे.

रंगाचे थर

सुळ्याच्या मुळाशी रंगाचा एक कपचा आधीच सुटत होता. त्यातला तिळाच्या टोकाएवढा तुकडा घेऊन, रेझिनमध्ये बसवून, कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लाकडाला लागून खडूसारखा पांढरा हात. त्यावर गेरू, काजळीच्या रेषा. हे पातळ, चुऱ्यासारखे रंग. त्यावर मात्र ऑइलपेंटचे थरावर थर: लाल, पुन्हा लाल, पुन्हा लाल, मग निळा, मग हिरवा, शेवटी आणखी एक हिरवा. अतिनील दिव्याखाली दातांच्या खालच्या थरातला पांढरा हिरवट-पिवळा चमकला, म्हणजे झिंकचा असावा. वरचा पांढरा काळसर राहिला, तो टायटॅनियमचा. दुकानात जो पांढरा रंग मिळाला तो लावला, इतकंच.

माझं लक्ष वेधलं ते रंगांनी नव्हे, रंगांच्या मधल्या रेषांनी. जवळजवळ प्रत्येक दोन थरांच्या मध्ये एक बारीक काळी रेघ होती: काजळी आणि धूळ. याचा अर्थ एकाच बैठकीत कुणी दोन-तीन हात दिलेले नाहीत. रंग दिला, मुखवटा बोहाड्यात, म्हणजे होळीनंतरच्या सोंगांच्या उत्सवात, नाचला, धुरात राहिला, मळला, आणि पुढच्या वेळी त्यावर पुन्हा रंग दिला. सगळ्यात वरच्या हिरव्यावर फक्त करडी धूळ होती, काजळी नव्हती. ती कोथरूडची.

म्हणजे जो 'नंतरचा भडक रंग' काढून टाकायची विनंती होती, तोच या वस्तूचा इतिहास होता. खालचं उघडं लाकूड या मुखवट्याने कुणालाही कधी दाखवलेलं नाही. सुताराच्या अंगणातून तो बाहेर पडला तोच रंगून.

बोहाडा

इथे थोडं सणाबद्दल सांगायला हवं, कारण पुण्यात बोहाडा म्हटलं की बरेचजण भुवया उंचावतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तिकडे नाशिक जिल्ह्यात त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, आणि अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यातही होळीनंतर गावोगाव हा उत्सव होतो. कुठे बोहाडा म्हणतात, कुठे भोवाडा, कुठे जगदंबेचा उत्सव. वैशाखापर्यंत, पावसाची कामं सुरू व्हायच्या आत, आज या गावात तर उद्या त्या गावात. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर आणि गावातले इतरही समाज यात असतात.

रात्री सगळं घडतं. संबळ आणि पिपाणीच्या साथीने एकेक सोंग गल्लीच्या एका टोकाकडून नाचत नाचत देवीसमोर येतं. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती, मग रामायण-महाभारतातली, पुराणांतली पात्रं: मारुती, भीम, नरसिंह, त्राटिका, वेगवेगळे राक्षस. मधेमधे हसवणारी सोंगंही. दहा तोंडांचा रावण आला की त्याचा डोलारा पेलायलाच दोघं-तिघं लागतात. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, वाद्याचा ठेका वेगळा; जाणकार माणूस अंधारात नुसता संबळ ऐकून सांगतो की कोण येतंय. शेवटच्या रात्री, उजाडता उजाडता, देवी आणि म्हैसासुराचं युद्ध.

कोणतं सोंग कुणी घ्यायचं याचे नियम आहेत. बऱ्याच ठिकाणी अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे असतो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. काही गावांत सोंगांचा लिलावही होतो. मुखवटा त्या घरच्या माळ्यावर राहतो, सणाआधी खाली येतो, त्याला नवा रंग लागतो, पूजा होते. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे, कारण बराच वेळ नाचायचं तर लाकडाचं वजन मान मोडतं. जव्हारकडे लगद्याचे मुखवटे करणारे चांगले कारागीर आहेत.

हे सगळं लक्षात घेतलं की अडचण दिसते. गावात चांगला मुखवटा म्हणजे नुकता रंगवलेला, मशालीच्या उजेडात दुरून ओळखू येणारा. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात चांगला मुखवटा म्हणजे रंग उडालेला, लाकूड दिसणारा, 'जुना'. व्यापाऱ्याला दोष द्यायचं कारण नाही, तो गिऱ्हाइकाची आवड सांगत होता. पण ती आवड पुरवायची तर या मुखवट्यावर जे काही प्रत्यक्ष घडलं ते सगळं सॉल्व्हंटने पुसायचं आणि जे कधी नव्हतं ते तयार करायचं. मी नाही म्हटलं. किडीचं काम करून देईन, सुटे कपचे बसवून देईन, रंग काढणार नाही.

घरचे दोन दिवस विचार करतो म्हणाले. खरं तर त्यांना पैशांपेक्षा अडगळीचीच जास्त काळजी होती, हे मला नंतर कळलं.

कीड

भोकं एक ते दोन मिलिमीटरची, गोल, आणि जवळजवळ सगळी आतल्या बाजूने. हे बरोबरच होतं. लाकूड पोखरणारा भुंगेरा अंडी घालतो ती उघड्या रंध्रांत, भेगांत. जाड ऑइलपेंटमधून त्याला शिरता येत नाही. ज्या रंगाला सगळे नावं ठेवत होते त्यानेच समोरची बाजू वाचवली होती. रंग काढला असता तर किड्यांना पुढचाही दरवाजा उघडून दिला असता.

कीड जिवंत आहे का हे पाहायला मुखवट्याखाली काळा कागद अंथरला आणि जुनी भोकं पातळ टिश्यूने बंद केली. आठवड्याभरात कागदावर मैद्यासारख्या भुश्याच्या लहान ढिगल्या दिसल्या, दोन ठिकाणी टिश्यू फुटला. जिवंत होती. कुठून आली याचाही अंदाज लागला: मुखवट्याखालच्या टीव्ही युनिटच्या मागच्या पट्ट्यांना तशीच भोकं होती.

आता उपाय. फर्निचरला मारतात ते औषध इंजेक्शनने भरणं सगळ्यात सोपं आणि स्वस्त. पण ते मी टाळलं, कारण एव्हाना एक शक्यता डोळ्यासमोर आली होती: हा मुखवटा पुन्हा कुणाच्या तोंडावर चढू शकतो. घामेजलेला चेहरा, बंदिस्त हवा, जोराचा श्वास आणि लाकडात मुरलेलं कीटकनाशक. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर संग्रहालयांनी मूळ रहिवाशांच्या पूजेच्या वस्तू परत करायला सुरुवात केली, तेव्हा होपी लोकांना परत मिळालेल्या काही वस्तूंत जुन्या फवारण्यांचं आर्सेनिक सापडलं होतं. वस्तू घरी आली, पण अंगावर घ्यायची सोय राहिली नाही. ते उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही आपल्याकडे सर्रास फवारतात.

गोठवण्याचा पर्याय होता: उणे वीस अंशांखाली आठवडाभर. पण इतक्या थरांचा ठिसूळ रंग थंडीत लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात आक्रसतो, कपचे उडायची भीती. म्हणून ऑक्सिजन काढून घेण्याची पद्धत वापरली. हवा न जाणाऱ्या फिल्मची पिशवी, आत मुखवटा, ऑक्सिजन शोषणारी पाकिटं, आर्द्रता सांभाळायला सिलिका जेल आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र. प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आणून चार आठवडे तसंच ठेवलं. अंडी, अळ्या, भुंगेरे सगळे गुदमरतात आणि मागे काही उरत नाही. नंतर काळा कागद स्वच्छ राहिला.

सुटे कपचे बसवायला अ‍ॅसिटोनमधला पॅरालॉइड (जतनकामात चिकटवायला वापरतात ती कृत्रिम राळ) नको होता, अ‍ॅसिटोन ऑइलपेंटला मऊ करतो. माशापासून केलेला पातळ सरस घेतला, तो पाण्यात विरघळतो आणि हवा तेव्हा सोडवताही येतो. घरच्या आजींनी ऐकलं आणि विचारलं, "देवाच्या वस्तूला माशाचं?" पुढे गावातल्या माणसांना मी हेच सांगितलं तर ते हसले.

गाव

मोखाड्यातलं नेमकं गाव कागदावर नव्हतं. पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ सालची. तिच्या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे आहेत. ते पाहून कोरीवकामाची तुलना करता आली, पण गाव सापडलं ते आजोबांच्या जुन्या डायरीवरून. कुठल्या कामावर कुठे मुक्काम, याच्या नोंदी त्यांनी नीट ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन गावांच्या शाळांशी संपर्क केला. एका शिक्षकाने फोटो गावात फिरवले आणि चार दिवसांत फोन आला.

फोनवर सत्तरीपुढचे एक बाबा होते. मी विचारलं, "बाबा, हे सोंग कोणाचं?" ते म्हणाले, "नुसतं तोंड बघून काय सांगू? तोंड राक्षसाचं आहे. लाल होतं तेव्हा एक, हिरवं केलं तेव्हा दुसरं. आमच्या काकाने घेतलं तेव्हा निळं होतं." थरांचा क्रम मी त्यांना सांगितला नव्हता. लाल, निळा, हिरवा; जुळत होतं. दोरीच्या भोकांबद्दल विचारलं तर म्हणाले, काकाचं डोकं मोठं होतं, त्याने नवीन भोकं पाडून घेतली.

मग मुखवटा गावातून कसा गेला ते विचारलं. बाबा थोडं थांबून म्हणाले, "साहेब बघायला आले. 'छान आहे' म्हणाले. मग काय करायचं?"

हे वाक्य मी घरच्यांना जसंच्या तसं सांगितलं. आजोबांनी मागितला नसेल, दमदाटी तर नक्कीच केली नसेल. डायरीतला माणूस तसा वाटत नाही. निरोपाची भेट ही त्यांच्या बाजूने खरीच असेल. पण १९७४ साली मोखाड्यात सरकारी साहेबाने एखाद्या वस्तूला छान म्हटल्यावर ती वस्तू गावात राहणं अवघड होतं, हेही खरं. लेखी काहीच नाही, दोन्ही बाजूंना आठवणीच. माझ्या अहवालात मी दोन्ही हकिगती शेजारी शेजारी लिहिल्या आणि निकाल दिला नाही.

निर्णय

तीन वाटा होत्या: विकणं, संग्रहालयाला देणं, गावाला परत करणं. विकणं घरच्यांनी स्वतःहून बाद केलं. संग्रहालयाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं: तापमान-आर्द्रतेची काळजी, नोंद, पुण्यातल्या मुलांना पाहायला मिळणं. मी तो पर्याय मनापासून मांडला. पण ज्या घराकडे सोंगाचा मान आहे ते घर अजून आहे, सोंग अजून निघतं, आणि तिथला माणूस रंगांचा क्रम तोंडपाठ सांगतो. असं असताना मुखवटा काचेमागे ठेवायचं काही कारण मला सापडेना.

घरच्यांनी परत द्यायचं ठरवलं, पण एक अट घातली: पुन्हा रंगवायचा नाही. इतका खर्च करून जपलाय, तर तसाच राहू द्या. अट समजण्यासारखी होती, तरी मी तिच्या विरोधात बोलले. रंग न देता तो मुखवटा तिथे निघणारच नाही. माळ्यावर पडून राहील, म्हणजे आपण कोथरूडची भिंतच मोखाड्याला पाठवली असं होईल. शिवाय दिलेल्या वस्तूवर अट ठेवायची तर ती दिली कशी म्हणायची? यावर थोरल्या मुलाशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, मग तुम्ही एवढे कपचे चिकटवत कशाला बसलात? प्रश्न रास्त होता. उत्तर असं की सुटत्या कपच्यांवर नवा रंग बसत नाही. तो थर घेऊनच पडतो. खालचं घट्ट असेल तर वरचं टिकतं. हे ऐकून आजींनी निकाल दिला: "द्यायचंय ना? मग देऊन टाका." अट गेली.

सगळ्या बाजूंचे फोटो, मोजमापं, थरांचा नकाशा आणि तो तिळाएवढा नमुना माझ्याकडे ठेवला. छापील प्रत एक घरच्यांना, एक शाळेत. फडक्याची घडी, खिळे, पानाचा डाग, आतला धूर यांतल्या कशालाही हात लावला नाही. सूनबाईंनी जव्हारच्या कारागिराकडून लगद्याचा एक मुखवटा विकत घेतला, नव्या घरासाठी. तो खराखुरा रावणाचा निघाला.

मुखवटा होळीच्या आधी गावात पोहोचला. तिथल्या लोकांनी त्याला रंग दिला, लाल. थरांच्या नकाशात मी तेवढी एक ओळ वाढवली. वजनामुळे नाचायला लगद्याचाच घेतात; लाकडाचा पूजेला ठेवतात आणि एक फेरी त्याची होते, असं शिक्षकांनी कळवलं.

राहिला प्रश्न साठवणीचा. पूर्वी माळ्याखाली चूल पेटायची आणि तिच्या धुरात किडे फिरकत नसत. आता त्या घरात गॅस आहे. माळा तोच, धूर नाही, आणि पावसाळ्यात तिकडे हवेत किती ओल असते ते सांगायला नको. म्हणून आतली उघडी बाजू हाच कच्चा दुवा आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती कापडात गुंडाळा, भिंतीला टेकवू नका, बांबूच्या टोपलीत ठेवू नका (बांबूत घुण लागतोच), एवढं मी लिहून दिलं. आणि कापडाखाली काळा कागद अंथरायला सांगितला. गणपतीच्या सुमाराला शिक्षक त्या कागदाचा फोटो पाठवणार आहेत. भुसा दिसला तर पिशवी, पाकिटं आणि यंत्र घेऊन मीच तिकडे जाईन, मुखवटा पुन्हा पुण्याला आणायचा नाही असं ठरलंय.